फुटबॉलभोवतीचं कडं

"फुंका साहेब, अजून जोरात. गालफडं फुगल्याबिगर वाट सुटायची न्हाई," आप्पा म्हणाले.

मी उसाच्या सरीत उकिडवा बसलो होतो. ठिबकची काळी नळी तोंडात धरून बँडवाल्यासारखा फुंकत होतो. नळीला जागोजागी भोकं होती, पण एकातूनही काही बाहेर येत नव्हतं. पाणी सोडाच, माझी हवासुद्धा आत अडकत होती. बांधावर तिघांचा प्रेक्षकवर्ग होता. ज्यांचा ऊस ते बबनआप्पा, त्यांच्या पत्नी सोजरमावशी, आणि मावशींचे थोरले भाऊ सोपानमामा. मामा भीमेच्या पलीकडच्या काठाचे. ते खास ही गंमत बघायला जवळजवळ कोरडं पात्र ओलांडून चालत आले होते.

"दाजी," मामा आप्पांना म्हणाले, "बँड तर आणलाय. सुपारी किती दिली? आन् नवरदेव कुठाय?"

मी नळी तोंडातून काढली आणि जमेल तेवढ्या गांभीर्याने म्हणालो, "चोकअप आहे."

"ते आमाला बी कळलंय," आप्पा म्हणाले. "म्हणून तर तुमाला बोलावलं."

दोन हजार सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. मी तेव्हा एका ठिबक सिंचन कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्याकडे. राहायला न्हावऱ्यात एक खोली, फिरायला कंपनीची मोटरसायकल, आणि खिशात व्हिजिटिंग कार्डं. कार्डावर माझ्या नावाखाली 'ठिबक तज्ज्ञ' असं छापलेलं होतं. कंपनीने फक्त 'सेवा अभियंता' म्हटलं होतं. 'तज्ज्ञ' मी प्रेसवाल्याला सांगून घालून घेतलं.

ठिबक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नदीतलं पाणी पंप खेचतो. ते फिल्टरच्या जाळीतून गाळून मोठ्या पाइपाने शेतात येतं. तिथून प्रत्येक सरीला एक काळी नळी जाते, तिला लॅटरल म्हणतात. लॅटरलवर हात-हात अंतरावर शर्टाच्या बटणाएवढे ड्रिपर टोचलेले असतात. ड्रिपरच्या पोटात एक नागमोडी वाट असते, मोहरीच्या दाण्याहून अरुंद. त्या वाटेने वळणं घेत घेत पाणी दमतं आणि थेंबाथेंबाने मुळाशी पडतं. ही वाट तुंबली की सगळा खेळ संपला.

पंपाचा पाइप नदीत जिथे बुडलेला असतो, तिथे त्याच्या तोंडाशी एक लोखंडी झडप असते. पुस्तकात तिला फुटव्हॉल्व्ह म्हणतात. आमच्या दोन्ही तालुक्यांत तिला 'फुटबॉल' म्हणतात. मी सुरुवातीला महिनाभर लोकांना सुधारत होतो. मग मीही फुटबॉल म्हणायला लागलो.

तर आप्पांच्या उसातले निम्म्याहून जास्त ड्रिपर मुके झाले होते. एप्रिल चालू होता. शेंडे पिवळे पडायला लागले होते. आप्पांचं गाव राहू, म्हणजे दोन नद्यांच्या मधलं बेट. बाहेरच्या माणसाला वाटतं, यांना पाण्याची काय कमी? पण त्या उन्हाळ्यात भीमा एका कडेने ओहळासारखी वाहत होती. सऱ्या भरून पाटाने पाणी द्यायचं म्हटलं तर दोन दिवसांत पंपापाशी साठलेला डोह कोरडा पडला असता. ठिबकने द्यायचं तरच पुरणार होतं. म्हणजे ठिबक सुरू झालं तर ऊस, नाही तर सरपण. आठवडा, फार तर दहा दिवस, एवढीच मुदत होती.

आणि हे ठिबक आप्पांनी माझ्या शब्दावर घेतलेलं. दोन्ही काठांवर पहिलं. तेव्हा मामांनी भर चावडीवर विचारलं होतं, "थेंबाथेंबानं ऊस येतो व्हय? ऊस हाय का पेशंट, सलाईनवर ठेवायला?" त्यावर आप्पांनी "बघशील" एवढंच उत्तर दिलं होतं. आता मामा बघायला आले होते.

मी न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवरून पुण्याला बर्वे साहेबांना फोन लावला. बर्वे साहेब आमचे रिजनल मॅनेजर. शेतात कधी दिसायचे नाहीत, पण शेताबद्दल त्यांना शंका अशी कधी नसायची.

"ॲसिड मारलं का?"

"मारतो, सर."

"मारतो म्हणजे? आधी मारायचं, मग फोन करायचा. कॉल माझ्या बजेटमधून जातात."

आमच्या धंद्यात ॲसिड म्हणजे डॉक्टरची क्रोसिन. पाण्यातले क्षार साठून ड्रिपर तुंबतात. पातळ केलेलं ॲसिड नळ्यांतून सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी नळ्यांची टोकं उघडून धुतलं की क्षार विरघळून जातात. मी रबरी हातमोजे, गॉगल, गमबूट असा जामानिमा करून ॲसिड सोडलं. सोजरमावशी लांबून म्हणाल्या, "अगं बाई, ह्यो तर चंद्रावर निघाला." सकाळी टोकं उघडली. पिवळट पाणी आलं. मी टाळी वाजवली. मग टोकं बंद करून पंप चालू केला आणि आम्ही ड्रिपर बघायला बसलो. मुके ते मुकेच.

दुसरं औषध क्लोरीन. ते शेवाळ मारतं. ब्लीचिंग पावडर कालवली, सोडली, वाट बघितली. शेताला जलतरण तलावाचा वास आला. बाकी काही झालं नाही.

मी बांधावर बसून मोठ्याने विचार करत होतो. "क्षार असता तर ॲसिडने गेला असता. शेवाळ असतं तर क्लोरीनने मेलं असतं. ॲसिडने जात नाही, क्लोरीनने मरत नाही, असं असतं तरी काय?"

आप्पांनी नदीपलीकडे नजर टाकली. "मेव्हणा," ते म्हणाले.

"माझ्या भावाला बोलायचं काम न्हाई," मावशी घरातून ओरडल्या. त्यांना ते कसं ऐकू गेलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. आप्पांचे ड्रिपर जुन्या पद्धतीचे, दोन भागांत उघडता येणारे होते. एक फिरवून उघडला. आतल्या नागमोडी वाटेत, पहिल्याच वळणावर, पांढरे बारीक पापुद्रे अडकले होते. कांद्याच्या सालीसारखे पातळ, आणि इतके छोटे की बोटावर घेतले तर धूळ वाटावी. एकावर एक चिकटून, शेवाळाच्या चिकटाने त्यांची नीट भिंत बांधली गेली होती. दुसरा उघडला, तेच. दहावा उघडला, तेच.

मी पापुद्रे चिमट्यात धरून मावशींच्या चुलीपाशी गेलो. जाळ दाखवताच ते आक्रसले, त्यांचा काळा थेंब झाला आणि पिशवी जळाल्याचा वास सुटला.

"प्लास्टिक!" मी अशा आनंदाने ओरडलो, जणू शेतात सोनं निघालं.

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. "आता वाईच माझ्या भाकरीवरनं बाजूला व्हा."

आज अशा कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात आणि शाळेतल्या मुलांनाही तो शब्द माहीत असतो. प्लास्टिक कुजत नाही, नुसतं फुटत जातं. पिशव्या, दोऱ्या, मासेमारीची जाळी, गाड्यांचे टायर, टेरिलिनचे कपडे धुतल्यावर निघणारे धागे, सगळं झिजून झिजून भुकटी होतं आणि पाण्याबरोबर नदीत येतं. हे मी आता सुरळीत सांगतो. तेव्हा मला एवढंच समजलं होतं की आप्पांच्या ड्रिपरमध्ये प्लास्टिक आहे आणि ते माझ्या कंपनीचं नाही. माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला होता. आरोपी तर उघडच होता.

संध्याकाळी नदीवर सभा भरली. दोन्ही काठांची मंडळी जमली. मी फुटबॉलजवळच्या गोण्यांवर ऐसपैस बसलो आणि बोलायला लागलो.

या गोण्यांविषयी थोडं सांगायला हवं. ती माझी आयडिया होती. नदीतला गाळ पंपात जाऊ नये म्हणून फुटबॉलभोवती वाळूने भरलेल्या गोण्यांचं गोल कडं रचायचं. पाणी गोण्यांच्या फटींतून झिरपत आत येतं, गाळ बाहेर राहतो. गोण्या कुठल्या? खताच्या, सिमेंटच्या, पेंडीच्या. प्रत्येकाच्या गोठ्यात ढीग पडलेला. खर्च शून्य. दोन वर्षांपूर्वी मी आप्पांकडे पहिलं कडं स्वतःच्या हाताने रचलं होतं. मग दोन्ही काठांनी त्याची नक्कल केली. ज्यांच्याकडे ठिबक नव्हतं त्यांनीही केली, कारण गाळाने पंपाचा पंखा झिजतो. मामांनीसुद्धा केली; फक्त साहेबाचं बघून केलं असं न म्हणता, आपलं आपल्यालाच सुचल्यासारखं सांगितलं. बर्वे साहेबांनी तर परिपत्रक काढून 'आपली संकल्पना' म्हणून ते चार जिल्ह्यांत पाठवलं होतं, आणि मला वार्षिक मीटिंगमध्ये एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

तर त्या कड्यावर बसून मी म्हणालो, "मंडळी, हे सगळं वरून येतंय. वरची शहरं. पिशवीत भाजी आणायची, पिशवी गटारात, गटार नदीत. ती झिजते, आणि आपल्या ड्रिपरमध्ये येऊन बसते. त्यांनी खायचं आणि आपण तुंबायचं!"

लोक इतके खूश झाले की काय सांगू. शहराला नावं ठेवण्यावर दोन्ही काठांचं कधी दुमत नव्हतं. मामा आणि आप्पा एकाच वेळी "बरोबर हाय" म्हणाले. मावशींच्या म्हणण्यानुसार, त्यांच्या लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडलं.

"पर पुरावा पायजे," मामा म्हणाले. ते सोसायटीचे माजी चेअरमन. पुराव्याशिवाय त्यांनी कधी कुणावर आरोप केला नव्हता, आणि पुरावा असताना कधी कबूल केलं नव्हतं.

"पुरावा आणतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आप्पा मोटरसायकलवरून नदीच्या वरच्या अंगाला निघालो. आप्पांच्या मांडीवर बादली, बादलीत मावशींनी दिलेलं जुन्या धोतराचं फडकं. पद्धत साधी होती. नदीतलं बादलीभर पाणी फडक्यातून ओतायचं आणि फडक्यावर काय राहतं ते बघायचं. सुरुवात आप्पांच्या फुटबॉलपासून केली. फडकं पापुद्र्यांनी पांढरं झालं. उत्तम. वरच्या शेतकऱ्याच्या पंपापाशी थांबलो, तिथेही पापुद्रे. त्याच्या वर, थोडे कमी. मी म्हणालो, "बघा आप्पा, शहराच्या जवळ गेलो की वाढत जाणार."

शेवटचा पंप मागे पडला. पुढे नुसतं पात्र आणि बाभळी. तिथे बादली ओतली. फडक्यावर काळा चिकट थर आला, दोन रंगीत धागे आले, शाम्पूच्या पुडीचा एक चमकता तुकडा आला. पांढरा पापुद्रा एकही नाही.

आणखी वर गेलो. घाण वाढली, वास वाढला, रंगीत धागे वाढले. शहराचा वाटा दिसत होता, तो मी खोटा म्हणणार नाही. पण आमचे पापुद्रे काही दिसेनात.

आप्पा फडक्याकडे बघत राहिले. "साहेब, जितकं वर जावं तितकं ते कमी व्हतंय की."

"असं आहे," मी म्हणालो, "प्लास्टिक वरच्या भागात खाली बसतं. मग पुढे येऊन तरंगतं."

"म्हंजी वर बुडतंय, आन् आमच्या दारात आल्यावर तरंगतंय."

"प्रवाहाचा प्रश्न आहे, आप्पा. टेक्निकल आहे."

"असंल," आप्पा म्हणाले. राहूकडच्या माणसाचं 'असंल' ज्याने ऐकलंय त्याला त्यापुढे बोलायची हिंमत होत नाही. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात बर्वे साहेबांना सांगायची वाक्यं जुळवत होतो. त्यातलं एकही पूर्ण होत नव्हतं.

आप्पांच्या फुटबॉलपाशी पोचलो तेव्हा मामा तिथेच बाभळीखाली बसले होते. मावशी जेवण घेऊन आल्या होत्या. मी कड्यावर बसलो, भाकरी खाल्ली आणि घडलं ते जमेल तेवढं सावरून सांगितलं. मी हात धुवायला म्हणून उठून नदीकडे वळलो.

"साहेब," मागून मामांचा आवाज आला. "पिठात बसला व्हता का?"

"काय झालं?"

"पँटीला काय लागलंय बघा की."

कंपनीची गडद निळी पँट होती. मी मान वळवून, कंबर मुरडून बघायचा प्रयत्न केला. मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आप्पा जवळ आले, वाकले आणि माझ्या बुडाकडे असे निरखून बघायला लागले जसं त्यांनी आयुष्यात माझ्या कुठल्याच माहितीपत्रकाकडे बघितलं नव्हतं.

"पापुद्रं हायती," ते म्हणाले.

"धूळ असेल," मी म्हणालो.

"धूळ काळी असती. ही पांढरी हाय."

"मग चुना."

"नदीत चुना कोण लावतंय?" मामा म्हणाले. "तुमीच लावत असाल तर म्हायती न्हाई."

मी पँटवरून चिमूटभर पापुद्रे काढले. मामांनी काडी ओढून दिली. आक्रसले. काळा थेंब. तोच वास.

मग मी कड्यातल्या सगळ्यात वरच्या गोणीला बोट लावलं. बोट आरपार आत गेलं. वरचं कापड बिस्किटासारखं मोडलं आणि वाऱ्याबरोबर भुरकन पाण्यावर पसरलं. पापुद्रे डोहात गोल गोल फिरले आणि हळूहळू, अगदी शिस्तीत, फुटबॉलच्या दिशेने निघाले.

खताची गोणी दिसते जाड कापडासारखी, पण ती विणलेली असते प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांची. गोठ्याच्या सावलीत ती वर्षानुवर्षं टिकते. उघड्यावर, उन्हात, दोन उन्हाळे पडली की ऊन तिचा कस काढून घेतं. मग नुसता हात लागला तरी भुकटी होते. भुकटी इतकी पातळ की फिल्टरच्या जाळीतून कडेवर उभी होऊन निसटते. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पेपरात आलंही होतं. मार्क बरे पडले होते.

मी डोक्यात वाट मागे चालून बघितली. आप्पांचं कडं. त्याच्या वरच्याचं कडं. त्याच्या वरचं. पलीकडे मामांचं. शेवटच्या पंपापर्यंत कडं, आणि तिथपर्यंतच पापुद्रे. नदीत हा माल कुठून येतोय हे बघायला मी पेट्रोल जाळत गावंच्या गावं फिरलो होतो, आणि त्या मालाचा मुख्य विक्रेता मीच होतो.

"म्हंजी," आप्पा सावकाश म्हणाले, "शहर न्हवं."

"शहरही आहे," मी म्हणालो.

"पर ड्रिपरात तुमी हाय."

"हो."

पुन्हा एसटीडी बूथ. "कारण सापडलं, सर."

"व्हेरी गुड. काय?"

"फुटव्हॉल्व्हभोवतीचं गोण्यांचं कडं. गोण्या उन्हाने जीर्ण झाल्या. त्यांचेच तुकडे आत जातायत."

"ते कडं कोणाची संकल्पना होती?"

"सर, परिपत्रकात 'आपली' असं लिहिलंय आपण."

"ती तुमची होती," बर्वे साहेब म्हणाले. "नीट करा. आणि ॲसिड मारून बघा एकदा." फोन ठेवला.

आता दोन कामं होती. गोण्या नदीबाहेर काढायच्या, आणि उसातले ड्रिपर मोकळे करायचे. ॲसिड, क्लोरीन काही उपयोगाचं नव्हतं. एक-एक ड्रिपर उघडून, टाचणीने कोरून, धुऊन परत लावायचा, एवढाच उपाय. शेतात ते हजारोंनी होते. आप्पांच्या घरात माणसं मोजकी. पिवळे शेंडे आता करपायला लागले होते.

मी मामांकडे बघितलं. मामांनी आप्पांकडे. आप्पा दुसरीकडेच बघत होते, कारण मेव्हण्याकडे माणसं मागण्यापेक्षा त्यांना ऊस जळालेला परवडला असता.

"दादा," सोजरमावशी म्हणाल्या, "सकाळच्याला तुझी माणसं धाड. आन् तू सोता बी ये. नुसतं बघायला न्हाई."

"बोलावणं दाजींकडनं येऊ दे की," मामा म्हणाले.

आप्पा खाकरले. नदीला सांगितल्यासारखं म्हणाले, "यावं."

"कुणी?"

"पाव्हण्यांनी."

"आत्ता कसं!" मामा म्हणाले.

सकाळी मामा सहकुटुंब, सहगडी आले. बायका सऱ्यांत बसल्या, प्रत्येकीजवळ पाण्याचं घमेलं आणि टाचणी. दर थोड्या वेळाने एखादी हाक मारायची, "साहेब, हिकडं या, तुमचं बक्षीस निघालं बघा!" मीही एका सरीत बसलो होतो. माझ्या शेजारची म्हातारी माझ्या तिप्पट वेगाने पुढे जात होती आणि सरीच्या टोकाला पोचली की माझी वाट बघायला बसायची. "निवांत येऊ द्या," म्हणायची, "तुमाला पगार हाय."

नदीवरचं काम अवघड निघालं. गोणी उचलायला गेलं की हातातच चुरा. वाळू खाली, पापुद्रे पाण्यावर. जितकं काढावं तितकं जास्त नदीत जात होतं. मी खोलीवरून मोठी निळी ताडपत्री आणली, म्हटलं खाली पसरू, तीवर गोळा करू. मामांनी तिचा कोपरा चोळून बघितला. "ही बी प्लॅस्टिकचीच की हो साहेब. म्हंजी दोन वर्सांनी पुना येणार तुमी."

ताडपत्री मी गुपचूप घडी करून ठेवली.

आप्पांच्या आजोबांच्या काळी घरात मेंढरं होती. ती गेली, पण घोंगड्या माळ्यावर राहिल्या होत्या. मावशींनी त्यातली सगळ्यात जुनी काढून आणली. आप्पा म्हणाले, "ती नगं." मावशी म्हणाल्या, "ऊस पायजे का घोंगडी?" दोघा गड्यांनी घोंगडी ओली करून पाण्यात तिरकी धरली, वरून गोण्या सोडवल्या. लोकरीला पापुद्रे चिकटले. सगळे नव्हे, पण बरेचसे. संध्याकाळी घोंगडी काळ्याची पांढरी झाली होती. झटकून निघेना, धुऊन निघेना. शेवटी गोळा झालेल्या चुऱ्यासकट ती लांब माळावर खड्डा खणून पुरली. मी त्याला 'योग्य विल्हेवाट' म्हणालो. आप्पांनी 'असंल' म्हटलं.

फुटबॉलसाठी पात्रातल्या वाळूत, वाहत्या पाण्यापासून जरा बाजूला खड्डा घेतला आणि आतून दगड रचले. वाळूतून झिरपून येणारं पाणी आपोआप गाळून यायचं. पिण्याच्या पाण्याला लोक असाच झिरा खणतात. हा फक्त मोठा. याचं श्रेय घ्यायला मी पुढे झालो नाही.

पंप चालू केला तेव्हा सगळे सरीच्या तोंडाशी उभे होते. पहिला ड्रिपर थुंकला, हवा सोडली, आणि ठिबकायला लागला. मग पुढचा. मग सरीभर. मामा वाकून एका ड्रिपरखाली तळहात धरून उभे राहिले. थेंब पडत राहिले.

"सलाईन लागलं," मामा म्हणाले. आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी मामांना स्वतःच्या चंचीतला तंबाखू दिला.

वरच्या अंगाचा ऊस वाचला. खालच्या टोकाच्या काही सऱ्या गेल्याच. तिथे पावसाळ्यात नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्या जागी नवी रोपं लावली. आप्पांचं त्या वर्षीचं टनेज शेजाऱ्यांपेक्षा कमीच आलं. ठिबक मात्र त्यांनी काढलं नाही. पुढचे दोन महिने मी दोन्ही काठांवर फिरून कडी मोडत होतो. कडं लावताना ज्यांनी मला चहा पाजला होता, त्यांनी मोडताना फक्त घमेलं हातात दिलं. मामा म्हणाले, "फुकाट लावलंत, फुकाट काढा." बर्वे साहेबांनी दुसरं परिपत्रक काढलं, त्यात कडं दगडाचं करावं असं होतं, आणि संकल्पना पुन्हा 'आपली' झाली होती.

काम संपल्यावर एका दुपारी आप्पा आणि मी काठावर बसलो होतो. दगडांवर. आप्पा म्हणाले, "साहेब, आपण काढलं ते काढलं. दोन वर्सं जे खाली वाहून गेलं, ते कुठं असंल?"

"दौंडच्या पुढे. उजनीत."

"आन् तिथनं?"

मला ठाऊक नव्हतं. मी पहिल्यांदाच तसं सांगितलं. आप्पांनी मान हलवली.

उठताना म्हणाले, "नवी आयडिया आली तर सांगा मला. आदी पलीकडं लावू. मेव्हणा हायेच."

मला पुढे आयडिया सुचल्या, चांगल्या पुष्कळ सुचल्या. पण प्रत्येक वेळी त्यात लागणारी वस्तू आधी दोन उन्हाळे न्हावऱ्याच्या खोलीच्या पत्र्यावर टाकून ठेवायची सवय लागली. बहुतेक आयडिया तिथेच संपल्या. माहितीपत्रकातला फोटो वस्तू नवी असतानाचा असतो. नदीच्या वाट्याला ती जुनी झाल्यावर येते.